खडशीचं बाळोतं

आमच्या घरात एका शब्दाला बंदी होती. शिव्या चालायच्या, आमचे अप्पा भुसारी व्यापारी, हमालांशी बोलताना त्यांच्या तोंडून दोन भाषांतल्या शिव्या डाळीसारख्या सांडायच्या आणि अव्वा, म्हणजे आमची आई, माजघरातून फक्त खाकरायची. पण 'मासा' म्हणायचं नाही. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि अंड्याचं नाव कुणी काढलं तर अव्वा उठून चूळ भरून यायची, असं ते घर. त्या घरातला थोरला मुलगा प्राणिशास्त्र शिकला तेव्हा सगळ्यांना वाटलं, गुरांचा डॉक्टर होईल. झाला मत्स्यबीज केंद्राचा व्यवस्थापक. आणि तेही कुठं? सोलापुरात! ज्या गावात नळाला पाणी आलं की शेजारपाजार घागरी घेऊन वरातीला निघाल्यासारखा धावायचा, त्या गावात सरकारनं मला मासे वाढवायला बसवलं.

अव्वानं यावर तोडगा काढला होता. नात्यागोत्यात ती सांगायची, "आमचा मल्लू पाण्याच्या खात्यात हाय." हे खोटंही नव्हतं. मासे पाण्यातच असतात. पण त्याचा परिणाम असा झाला की आमच्या गल्लीतल्या चन्नम्माकाकू रोज सकाळी मला दारात गाठायच्या. "मल्लाप्पा, काल तुमी पाणी सोडला न्हाय की रे. आमच्या बाजूचा वॉल जरा जास्त फिरीव की." मी मान डोलवायचो. एकदा योगायोगानं मान डोलवल्यावर तासाभरात नळाला धो धो पाणी आलं. तेव्हापासून काकू मला दसऱ्याला सोनं द्यायला सगळ्यांच्या आधी येऊ लागल्या. माझ्या शब्दावर अर्ध्या सोलापूरचं पाणी हलतं अशी त्या काळी ख्याती होती, आणि ती मोडायला मी कधी गेलो नाही.

केंद्रावरून आलो की पुढच्या दारानं आत यायचं नाही. बोळातून मागं जायचं, न्हाणीघरात कपडे काढून वेगळ्या बादलीत टाकायचे, आंघोळ करायची, मग विभूती लावून आत. आत आलं की चुलीजवळ अव्वा, उखळात शेंगदाण्याची चटणी, तिच्या मुसळाचा दणका, आणि भिंतीपलीकडं पद्मसाळी विणकरांच्या घरातल्या मागाचा खटक-खट, खटक-खट. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत तो आवाज. त्यांच्या अंगणात सकाळी खळ शिजायची, सुताला लावायची पिठाची खळ. तिचा आंबूस, कोमट वास आमच्या कडक भाकरीच्या वासात मिसळून यायचा. मी त्याच वासात लहानाचा मोठा झालो. पुढं माणसं आईच्या हातच्या वासाची आठवण काढतात तेव्हा मला हमखास खळ आठवते, हे अव्वाला मी कधी सांगितलं नाही.

आणि माझा पाय हलायचा. जेवताना, बोलताना, देवापुढं बसल्यावरही. मागाच्या तालावर गुडघा आपोआप नाचायचा. "पाय हालवू नको, घर हालालंय," अव्वा म्हणायची. मला कुठंतरी जायचं होतं, आणि कुठं ते ठाऊक नव्हतं. समुद्राकाठी बदली हवी होती; बोटी, वादळं, हत्तीएवढे शार्क. मिळालं काय, तर कुंभारीच्या रस्त्याला विहिरीजवळ खणलेली तळी, बाभळीची सावली आणि बंगालकडून आणलेल्या रोहू-कटल्याची पिल्लं. ती धरणासाठी, तळ्यांसाठी हंड्यांतून पाठवायची, परत नवी आणायची. मी बांधावरून दिवसभर येरझारा घालायचो. इतक्या, की बांधाची एक बाजू खचली आणि दुरुस्तीला माती टाकावी लागली. आजही डॉक्टर म्हणतात गुडघा झिजलाय. तो वयानं झिजलेला नाही, केंद्रावरच्या त्या पहिल्या दोन वर्षांत झिजलाय.

केंद्रावर माझ्या हाताखाली हबीबभाई. जीपचे ड्रायव्हर, जाळं टाकणारे, आणि वेळ पडली तर पंपाचे मिस्त्री. त्यांना एकदा विचारलं, "भाई, हे सगळे बाहेरचे मासे. आपल्या नदीतला आपला मोठा मासा कुठं गेला? खडशी?"

"कहां की खडशी, साब," हबीबभाई विडी विझवत म्हणाले. "खाली बंधारा बांधे, वो उप्पर कैसे आतीं? और जो उप्पर थीं, उनकू बारुद डालके मार दिये. मैं छोटा था तब एक पकडे थे, बैलगाडी में डाले तो बैल बैठ गया."

बैल बसला होता की नाही देव जाणे, पण माझं डोकं फिरलं. खडशी म्हणजे नदीतला राजा. ओठाला मिशा, सोन्याचं पाणी दिल्यासारखं अंग, तळहाताएवढे खवले. पावसाळ्यात वाहत्या पाण्याविरुद्ध उडी मारत वर जाणारा मासा, आणि आता त्याला वर जायला वाटच उरली नव्हती. मला वाटलं, हा माझ्यासारखाच आहे. मी मोहोळपासून अक्कलकोटपर्यंत प्रत्येक ओढ्याकाठी, प्रत्येक बाजारात चौकशी केली. कुठंच नाही. मोठ्या साहेबांना म्हटलं, मला खडशीची पिल्लं काढून नदीत परत सोडायची आहेत. साहेब म्हणाले, "आधी खडशी दाखवा."

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला हुग्गी होती, म्हणजे गव्हाची खीर, आणि मी ती न चाखता अप्पांना सांगत होतो की एक जनावर या मुलखातून कायमचं चाललंय. नाव उच्चारलं नाही, नियम पाळला. फक्त 'खडशी' म्हटलं. वाढता वाढता अव्वाचा हात थांबला.

"खडशी? आमच्या डोहात हायत की."

माझा पाय थांबला. अप्पा सांगतात की त्या क्षणी घर हलायचं थांबलं.

अव्वाचं माहेर अक्कलकोटच्या पुढं, जिथं माणसं वाक्य मराठीत सुरू करून कानडीत संपवतात. गावाखाली नदीला महादेवाचं देऊळ आणि देवळाखाली डोह. त्या डोहातल्या माशांना 'देवर मीनु' म्हणायचे, देवाचे मासे. कुणी गळ टाकायचा नाही, कुणी दगड मारायचा नाही. त्यांना खाऊ घालायचा मान अव्वाच्या माहेराकडं. लहानपणी ती पायरीवर बसून पितळेची ताटली वाजवायची आणि ते चुरमुरे खायला वर यायचे. "माझ्या हातातनं खायचे. मिशा लागायच्या हाताला. गुदगुल्या व्हायच्या," असं म्हणून अव्वानं स्वतःच्या तळहाताकडं पाहिलं, मग एकदम आठवल्यासारखी चूळ भरायला उठली.

डोहाचा मान आता तिच्या थोरल्या भावाकडं, बसण्णामामांकडं होता. मामा म्हणजे सहा फूट उंच, पांढरा फेटा, आणि आवाज असा की त्यांनी गावात हाक मारली तर अक्कलकोटच्या स्टँडवर कंडक्टर घंटी द्यायचा. मोठ्या दुष्काळात तो डोह आटून गुडघ्याएवढा झाला. माणसांना प्यायला पाणी नव्हतं आणि मामा बैलगाडीनं लांबच्या विहिरीवरून पिंपं आणून डोहात ओतायचे. गाव हसायचं. तरी बरेच मासे उन्हानं मेले. उरले ते मोजकेच. म्हणून मी आणि अव्वा जीपनं त्यांच्या दारात उतरलो तेव्हा मामांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. एरवी त्यांनी मला डोहातच बुडवलं असतं.

"म्हंजे तू देवाच्या माशाचं पोट दाबणार," मामा म्हणाले.

"हळूच, मामा. अंडी पिकलेली असतात, आपोआप येतात. मासा परत पाण्यात. अंडी मी नेतो, पिल्लं करतो, मोठी झाली की तुमच्या डोहात आणून सोडतो. राहिलेली नदीत."

"आणि मेली तर?"

मी बोलायच्या आत अव्वा बोलली. "मरणार न्हायत, अण्णा. मी सांगते की."

मामांनी बहिणीकडं पाहिलं. "गौरा, तू सांगतीस म्हणून. पण देवाचा वंश तुज्या शब्दावर द्यालोय. वाया गेला तर मग श्रावणात ह्या दारात यायचं न्हाय. मी बोलावणार न्हाय आणि तू यायचं न्हाय."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही, त्यामुळं ते जास्त लागलं. अव्वाला माहेर म्हणजे तो एकच भाऊ. दरवर्षी श्रावणात ती चार दिवस तिथं जायची आणि परत आली की महिनाभर घरात कानडी गाणी असायची. तिनं पदर खांद्यावर नीट केला आणि "चालतंय," म्हणाली. मी मात्र आतून हललो. मला फक्त खडशी पाहिजे होती. हिनं त्यावर तिचं माहेर लावलं होतं.

मग मामांनी अटी सांगितल्या. चामड्याचं काही जवळ आणायचं नाही. आधी आंघोळ, मग पूजा, मग हात लावायचा. अंडी ढवळायला कोंबडीचं पीस देवळात चालणार नाही, मोरपीस घ्यायचं. आणि अंडी ज्यात ठेवाल, ज्यावर ठेवाल, ते सगळं कापड कोरं. पाण्यात न बुडवलेलं. "देवाला कुणी धुतलेलं कापड नेसवतं का?" मामांनी विचारलं. नेसवत नाहीत. हबीबभाईंनीसुद्धा मान डोलवली. दर्ग्यावर चादरसुद्धा कोरीच चढवतात, ते म्हणाले. मी शेजारच्या मागावरून उतरलेलं कोरं करकरीत कापड आणलं, अंडी ठेवायच्या लाकडी चौकटींना खालून ताणून ठोकलं, आणि वाटलं, सोलापूरच्या माणसानं याहून चांगली व्यवस्था काय करायची!

श्रावणी सोमवारी सकाळी अव्वा पायरीवर बसली. नदीला नवं पाणी आलं होतं, गढूळ, फेसाळ. तिनं पितळेची ताटली वाजवली. काही नाही. परत वाजवली. माझा पाय इतका हलत होता की हबीबभाईंनी त्यावर स्वतःचा पाय ठेवला. मग पाण्याखालून एक पाठ वर आली, आणि मला वाटलं डोहातून एखादी पायरीच सुटून वर येतेय. खोटं सांगत नाही, त्या मादीचा एक खवला मी पुढं आरशासारखा भिंतीला लावून त्यात दाढी करायचो. ती बाहेर काढली तेव्हा डोहाचं पाणी वीतभर खाली गेलं. हबीबभाईंनी तिला झोळीतून उचललं आणि तिनं शेपटीचा असा फटका दिला की ते तीन पायऱ्या वर जाऊन नंदीला टेकले.

"साब, ये मछली नै, पैलवान है पैलवान!"

"भाई, तोंड दाबू नका. डोळ्यावर ओलं फडकं टाका, शांत होईल."

झाली शांत. मी गुडघ्यावर बसून तिच्या पोटावरून वरून खाली हात फिरवला आणि कोरड्या परातीत अंडी पडू लागली, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढी, केशरी-पिवळी. हलकी सर आली होती तरी मामांनी छत्री माझ्यावर न धरता परातीवर धरली, कारण आधीच पाणी लागलं तर अंडी फळत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं होतं. मग नराचं दुधासारखं वीर्य त्यावर, मोरपिसानं हलकेच ढवळलं, मग नदीचं पाणी. अव्वा पायरीवर पाठ करून बसली होती. पण मादीला परत डोहात सोडलं तेव्हा ती वळली, आणि मी पाहिलं, तिनं मूठभर चुरमुरे त्या दिशेनं टाकले. बाळंतिणीला काहीतरी द्यायला नको का, असा तिचा चेहरा होता.

अंडी ओल्या कापसाच्या थरांत घालून नव्या पाटीत भरली. हबीबभाईंनी जीप इतकी हळू चालवली की एका म्हशीनं आम्हाला मागं टाकलं. पाटी अव्वाच्या मांडीवर. आपण काय धरलंय हे तिनं रस्ताभर विचारलं नाही. फक्त खड्डा आला की तिचे दोन्ही हात पाटीखाली जायचे. घराजवळ तिला उतरवलं, तेव्हा ती मागच्या बोळातून आत गेली, आंघोळीला.

आता सगळं सोपं होतं. चौकटींवर अंडी पसरली, नळीनं विहिरीचं पाणी संथ वाहतं ठेवलं. तीन-चार दिवसांत अंडी फुटून पिल्लं यायला हवीत. आणि दुसऱ्याच दिवशी बसण्णामामा सोलापूरला येऊन धडकले. "देवाचा वंश हितं, मी तितं काय करू?" म्हणत बाभळीखाली घोंगडी टाकून बसले. मी त्यांना चहा पाजायचो, ते मला विचारायचे, "हाललं का?" मी म्हणायचो, "अजून न्हाय, मामा." मी बांधावरून जायचो, यायचो, पंप बंद पडेल म्हणून विहिरीवर जायचो, पंप चालू आहे म्हणून परत यायचो. माझ्या चालण्याला कंटाळून केंद्रावरचं कुत्रं दुसरीकडं राहायला गेलं.

आणि मग अंडी पांढरी पडू लागली.

आधी कडेची दोन-चार. मोरपिसाच्या दांड्यानं काढून टाकली. दुपारी बघतो तर त्यांच्या जागी मूठभर. प्रत्येक पांढऱ्या अंड्याला कापसासारखी बुरशी, आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांना कवटाळणारी. पाणी बदललं, धार वाढवली, कमी केली. सावली केली, काढली. मामा चौकटीवर वाकून बघायचे आणि परत घोंगडीवर जाऊन बसायचे. त्यांचं 'हाललं का?' माझ्या डोक्यात मागासारखं वाजत होतं. मला अव्वा दिसायची, श्रावणात माजघरात बसलेली, कुठंच न जाणारी. रोहू मेला असता तर बंगालहून दुसरा आणला असता. हे कुठून आणणार होतो? डोहातली ती एकच मादी पिकलेली होती.

शेवटी मी गुडघ्यावर बसून चौकटीत तोंडच घातलं. नाक पाण्याला लागलं. आणि नाकात जो वास शिरला त्यानं मी थेट आमच्या घराच्या अंगणात जाऊन पडलो. आंबूस, कोमट. सकाळची भाकरी, मागाचा खटखटाट, शेजारचं पातेलं. मी कापडाच्या कडेवर बोट फिरवलं. बुळबुळीत. दोन बोटं एकमेकांवर चोळली, चिकट.

"खळ!" मी ओरडलो. "मामा, खळ! कापडाला खळ हाय!"

कोऱ्या कापडाचा करकरीतपणा म्हणजे पिठाची खळ. ती पाण्यात सुटत होती आणि बुरशीला घरबसल्या जेवण मिळत होतं. अंडी भाकरीवर ठेवल्यासारखी ठेवली होती आम्ही. अख्ख्या हिंदुस्थानात ही चूक कुणी केली नसती. दुसरीकडं माणसं मिळेल ते जुनं फडकं लावतात. देवासाठी म्हणून करकरीत कोरं कापड शोधून आणायची आणि त्याचा पुरवठा शेजारच्या भिंतीपलीकडून व्हायची सोय फक्त आमच्याकडं.

"जुनं कापड पाहिजे, मामा. धुऊन धुऊन मऊ झालेलं. आत्ता. राहिलेली तरी वाचतील."

मामा उभे राहिले. "जुनं? कुणाच्या अंगावरचं? बेडा, बेडा! नको म्हणतो! देवाचा वंश माणसाच्या नेसलेल्या धडुत्यावर ठेवणार?"

"धुतलेलं, मामा!"

"धुतलेलं का असंना. नेसलेलं ते नेसलेलं. मरायचं असंल तर पवित्र मरू दे."

मी ओरडत होतो, मामा ओरडत होते, आणि त्यांचा आवाज कुंभारीला ऐकू जात असणार. हबीबभाईंनी आमच्याकडं एकदा पाहिलं, कुणाला न विचारता जीप काढली आणि थोड्या वेळानं परत आले ते अव्वाला घेऊन. अव्वा केंद्रावर कधीच आली नव्हती. फाटकातच तिनं नाकाला पदर लावला. मग तो काढला. मामांनी तिला सगळं सांगितलं, मी मधेमधे तोडत सगळं सांगितलं. तिनं दोघांचंही अर्धंच ऐकलं आणि चौकटीवर वाकली. केशरी दाणे आणि त्यांच्यावर चढत चाललेला पांढरा कापूस.

"अण्णा," ती म्हणाली, "हे देव हायत का देवाची लेकरं?"

"लेकरं म्हण."

"मग? आपल्या घरात बाळ जल्मलं की त्येला कोरं घालतंय का कोण? पाचवीपातूर जुन्या लुगड्याचंच बाळोतं की. कोरं टोचतंय म्हणून. तुला बी आपल्या अव्वानं तिच्या जुन्या लुगड्यातच गुंडाळलं असंल, का तवा कोरा फेटा बांदला हुता?"

हबीबभाई तोंड फिरवून खोकले. देवाला कोरं, बाळाला जुनं. दोन्ही नियम मामांचेच होते, आणि दोन्हींत वाद घालायला जागा नव्हती. ते खाली बसले आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. "शिवा, शिवा," म्हणाले. "बांद, गौरा."

अव्वानं पिशवीतून लुगडं काढलं. इरकली, रंग कधीच उडालेला, हातात धरलं तर सायीसारखं. हबीबभाईंनी घराच्या दारातच काय लागतं ते सांगितलं होतं तिला. म्हणजे फाटकात शिरण्याआधीच तिचं ठरलेलं होतं, आणि आमची सुनावणी तिनं उगीच घेतली. तिनं दातानं काठ तोडला आणि कापड टर्रकन फाडलं. ते लुगडं म्हणजे माझंच बाळोतं होतं, असं मी पुढं वीस वर्षं प्रत्येक भाषणात सांगत आलो, लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. अव्वा पहिल्या रांगेत बसून म्हणायची, "खोटारडा. ते माज्या सासूचं हुतं."

आम्ही चौकटी नव्या ताणल्या आणि चांगली अंडी मोरपिसानं एकेक करून हलवली. मी, हबीबभाई, मामा, आणि पलीकडं बसून अव्वा. तिच्या हाताखालचं एकही अंडं फुटलं नाही. तांदूळ निवडल्यासारखी ती पांढरी काढत होती. अर्ध्याहून जास्त गेली होती. पण बुरशी थांबली. तिसऱ्या दिवशी दुपारी मामा वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"मल्लू. ह्याला डोळे आल्यात."

आले होते. प्रत्येक केशरी दाण्यात दोन काळे ठिपके, आणि मग एक शेपूट वळवळली, दाणा फुटला, आणि पापणीच्या केसाएवढी खडशी जुन्या लुगड्यावर आडवी पडली. मामा मला मिठी मारायला आले आणि आम्ही दोघं मागच्या तळ्यात पडलो. यात मी काहीही वाढवलेलं नाही.

पिल्लं बोटाएवढी झाली तेव्हा त्यांचे वाटे केले. काही नदीला बंधाऱ्याच्या वर, काही केंद्रात पुढच्या पिढीसाठी, आणि ठरल्याप्रमाणं देवाची डोहात. त्या दिवशी डोहावर सगळं गाव होतं. दुष्काळात हसलेलेही होते. मामांनी हंडी पाण्यात तिरकी केली आणि म्हणाले, "श्रावणात लवकर ये, गौरा." पण मला सांगायचंय ते डोहाचं नाही, तिथवर जायच्या प्रवासाचं.

जीपनं ऐनवेळी दगा दिला होता, म्हणून आम्ही अक्कलकोटची एस.टी. पकडली. पिल्लांची ॲल्युमिनियमची हंडी अव्वाच्या दोन पायांत, तोंडाला जाळीचं फडकं. हंडीतलं पाणी सतत हातानं ढवळावं लागतं, नाहीतर पिल्लं गुदमरतात. मी ढवळायला लागलो तर अव्वानं माझा हात बाजूला केला. "तुजा हात बी तुज्या पायासारखाच. धडपड्या. सरक." आणि बांगड्या मागं सारून ढवळू लागली. स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या बायकांनी गाडी भरली होती आणि त्यांत आमच्या चन्नम्माकाकू, थेट आमच्या पुढच्या बाकावर. त्या वळून बसल्या.

"काय गं गौरक्का, हंडीत काय हाय?"

"पाणी."

"पाणी! पोराच्या खात्यातलं का? इतकं जपून न्यालीस ते?" काकू कौतुकानं भोवतीच्या बायकांना सांगू लागल्या, "हिचा मुलगा पाण्याच्या खात्यात मोठा साहेब हाय. आमच्या गल्लीचं पाणी ह्योच सोडतो."

सगळी गाडी माझ्याकडं बघू लागली. मी खिडकीबाहेर बघितलं. माझा पाय बाकाखाली असा सुरू झाला की कंडक्टरला वाटलं टायर पंक्चर झालं. अव्वाचा हात पाण्यात गोल गोल फिरत होता. तिनं हंडीत पाहिलं. एक पिल्लू बहुतेक तिच्या बोटाशी आलं असावं, कारण तिच्या तोंडावर एकदम गुदगुल्या झाल्यासारखं काहीतरी उमटलं.

"मासं हायत," अव्वा म्हणाली.

मी सव्वीस वर्षांचा घोडा, आणि तिच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकत होतो.

"मासं हायत, चन्नक्का. खडशीचं. देवाच्या डोहातलं संपायला लागलं हुतं, माज्या मल्लूनं परत केल्यात. त्यो पाण्याच्या खात्यात न्हाय. माशाच्या खात्यात हाय."

चन्नम्माकाकूंनी हंडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग परत हंडीकडं. त्यांच्या चेहऱ्यावर धर्म, जात, सोवळं यातलं काही नव्हतं. होती ती नुसती भीती.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "मग आमच्या नळाला पाणी कोण सोडतंय?"

"ते मुन्शिपालटीत जाऊन इचार," अव्वा म्हणाली, आणि पाणी ढवळत राहिली.